उसनी आई

पेशन्स म्हणजे धीर. हे नाव ज्या कुणी मावशीला ठेवलं त्याला माणसांची पारख नव्हती. लग्नाच्या दिवशी सकाळपासून तिनं डुक्कर भाजत ठेवलेल्या खड्ड्याला इतक्या फेऱ्या घातल्या की शेवटी क्वॉश काकानं फिडलच्या तारा पिळता पिळता तिला सुनावलं, "पेशन्स, ते डुक्कर मेलंय. पळून जायचं नाही ते."

"डुकराचं कुणाला पडलंय? नवरदेव पळेल म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेय मी!"

"बसलीस कुठं? बसलीस तर बरं होईल."

फीबी हसली आणि हसता हसता तिच्या हातातली मक्याच्या भाकरीची परात कलली. आज तिला कशाचंही हसू येत होतं. मोठी बहीण झिल्फा लग्न करणार होती, तेही मालकाची परवानगी न मागता, कारण गुलामी उठली तशी मालक नावाची वस्तूच दोन वर्षांपूर्वी संपली होती. पंधरा वर्षांच्या मुलीला उड्या मारायला एवढं कारण रग्गड झालं.

झिल्फा मात्र आत चरफडत होती. आईनं जुन्या पडद्याच्या कापडाचा झगा शिवला होता आणि तो कमरेत घट्ट झाला होता.

"श्वास घेतला तर उसवेल गं," ती म्हणाली.

"मग घेऊ नकोस. संध्याकाळी घे," फीबी म्हणाली.

"त्या कॅटोकडे बघून श्वास अडकतोच आहे म्हणा."

"अगं बाई! आईसमोर?"

केझाया, म्हणजे या दोघींची आई, सुई तोंडात धरून नुसतीच हसली. केझाया कमी बोलायची. डोक्याला बांधलेलं निळं फडकं ती लेकींसमोरसुद्धा कधी सोडत नसे. तिचं मन आज कुठं आहे हे दोघींना ठाऊक होतं. आयसम असता तर आज अठरा वर्षांचा असता. झिल्फाच्या पाठचा आणि फीबीच्या आधीचा. सहा वर्षांचा असताना मालकानं त्याला एका दलालाला विकलं. केझाया मालकिणीच्या स्वयंपाकघरात राबत होती आणि झिल्फा शेतावर पाणी घेऊन गेली होती. दोघी परत आल्या तेव्हा दलालाची गाडी वळणापलीकडे गेली होती.

घरात आयसमचं नाव निघालं की आई आणि झिल्फा एकमेकींकडे बघत, आणि फीबीच्या पोटात दुखे. त्यांच्याकडे तो होता. त्याचं बोबडं बोलणं, त्याचा बदकानं चावलेला अंगठा, सगळं त्या दोघींच्या वाटणीला आलं होतं. तीन वर्षांच्या फीबीला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. भाऊ हरवल्याचं दुःख करावं तर तेही उसनं, आणि हे तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

बाहेर पाद्री टोबायस आणि मावशी यांची जुंपली होती. पाद्रीबुवांच्या मते देवाचं नाव आणि सरकारचा शिक्का एवढ्यात लग्न होतं, बाकी सगळं थोतांड.

"केरसुणी मी एकवेळ चालवून घेईन," ते म्हणाले, "पण ही खुर्ची कशाला?"

"तुमचं लग्न झालं तेव्हा नव्हती का खुर्ची?"

"तेव्हा मी पाद्री नव्हतो."

"तेव्हा तुम्ही शहाणे होता!"

पाइन ब्रँचच्या वस्तीत नवरानवरीनं जोडीनं केरसुणी ओलांडली की लग्न लागे, पण खुर्चीशिवाय ते होत नसे. सुटका झाली तेव्हा इथं कुणाचीच माणसं पुरी नव्हती. कुणाची आई जॉर्जियात विकलेली, कुणाचा बाप अलाबामात. मग नवऱ्याकडचं म्हणून उभं कोण राहणार? त्यावर म्हाताऱ्यांनीच तोड काढली. ज्याचं कुणी नाही त्यानं केरसुणी ओलांडायच्या आधी एका रिकाम्या खुर्चीशेजारी उभं राहायचं आणि आपल्या आईची एक गोष्ट सांगायची. ऐकणारे हसले किंवा रडले, की आई येऊन बसली असं धरायचं. गोष्ट नसेल तर काय, हा प्रश्न अजून पडला नव्हता.

कॅटो खुर्चीशेजारी उभा राहिला. उंच, हसरा, कान जरा पुढं आलेले. उन्हाळ्यात तो पाइनच्या झाडांचा चीक काढतात त्या टर्पेंटाइनच्या रानातून कामाला म्हणून इकडं आला आणि झिल्फानं विहिरीवर त्याला हसवलं तेव्हापासून गेलाच नाही. बोलायला लागला तर झाडावरची खार खाली उतरून ऐकेल, असा गप्पिष्ट. मावशीला तो त्याच कारणासाठी आवडत नसे. आज मात्र त्याच्या कपाळावर घाम होता, आणि टोपी तो नुसता चुरगाळत होता.

"माझी आई," कॅटोनं सुरुवात केली, "मोठ्या घरात स्वयंपाकाला होती. स्वयंपाक करायचा, पण चाखायचा नाही. तर एक दिवस तिनं चुलीतलं एक रताळं उचललं. चांगलं फुललेलं, साल फुटून पाक आलेला. ठेवणार कुठं? खिसे तपासायचे. मग तिनं ते डोक्यावर ठेवलं आणि वरून फडकं बांधलं."

"चांगलं डोकं चालवलं," क्वॉश काका म्हणाला.

"पुढं ऐका. निघाली अंगणातून. तेवढ्यात मालकीण आडवी. चादरी धुतल्या का? चांदी घासली का? पाहुणे येणार आहेत, कोंबड्या किती कापायच्या? आणि इकडं रताळं डोक्यावर, निखाऱ्यातून काढलेलं! आई उभी. होय बाईसाहेब, नाही बाईसाहेब. आणि फडक्यातून निघाली वाफ."

बायका आत्ताच खिदळायला लागल्या होत्या. कॅटोला जोर चढला. त्यानं कमरेवर हात ठेवून मान ताठ केली, मालकिणीसारखी.

"'अगं, तुझ्या डोक्यातून वाफ कसली येतेय?' आई म्हणाली, 'विचार करतेय बाईसाहेब.' मालकीण दोन पावलं मागं सरली. 'बघ, तुम्हा लोकांना सवय नाही ना, म्हणून असं होतं. यापुढं विचार करत जाऊ नकोस!'"

हसण्याचा नुसता कल्लोळ उठला. क्वॉश काकाच्या हातातून फिडलचा गज पडला. पाद्रीबुवा तोंडावर बायबल धरून हलत होते. झिल्फा इतकी हसली की झगा अखेर कमरेत उसवलाच, आणि ते बघून फीबी खाली बसली. पेशन्स मावशीसुद्धा डोळे पुसत म्हणाली, "आली हो याची आई, आली! बसवा तिला!"

एकटी केझाया हसत नव्हती. ती गर्दीतून पुढं आली आणि रिकाम्या खुर्चीपाशी थांबली. मग तिनं सगळ्यांदेखत डोक्याचं फडकं सोडलं आणि कॅटोसमोर मान खाली घातली. टाळूवर, ओंजळीएवढ्या जागेत, एकही केस नव्हता. नुसती गुळगुळीत, भाजलेली कातडी.

"ते रताळं माझं होतं," ती म्हणाली.

तिनं मान वर केली.

"कुणाला सांगितलं नाही मी कधी. पोरींनासुद्धा नाही. एकानंच पाहिलं होतं. पायरीमागं लपून बाही चावत बसला होता, हसू येऊ नये म्हणून. त्याच हंगामात त्याला नेलं." तिनं कॅटोचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आयसम?"

हे कानावर पडताच पेशन्स मावशीनं असा हंबरडा फोडला की कोंबड्या छपरावर गेल्या. "माझ्या बहिणीचा लेक! अरे, मी म्हणतच होते! नाक बघा, आमच्या बाबांचं नाक!" आणि तीन महिने ज्याला ती वाटेतून हाकलत होती त्याच्या गळ्यात ती पडली.

"मावशी, पण मी..." कॅटो म्हणाला.

"गप रे माझ्या वासरा! किती वाळलास!"

मग एका बाजूनं झिल्फाची किंकाळी आली. तिच्या ध्यानात आलं होतं.

"हा माझा भाऊ? देवा! मी याला... आम्ही विहिरीमागं..."

"काय विहिरीमागं?" पाद्रीबुवांनी बायबल खाली घेतलं.

"काही नाही!"

"झिल्फे, तुला काही ओळखीचं वाटलं नाही?" मावशी ओरडली. "सख्खा भाऊ! सात वर्षांची घोडी होतीस तू तेव्हा!"

"मुका घेताना माणूस अंगठे तपासत बसतं का गं मावशी!"

"म्हणजे मुका घेतला!"

"परमेश्वरानं वाचवलं," पाद्रीबुवा म्हणाले. "केरसुणी ओलांडायच्या आत वाचवलं. थोतांडाचाही उपयोग असतो."

कुणी पाणी आणा म्हणत होतं, कुणी डुक्कर फिरवा म्हणत होतं. मुलगा मिळाला म्हणून नाचावं की लग्न मोडलं म्हणून रडावं हे कुणाला ठरवता येईना, म्हणून क्वॉश काकानं फिडल उचलून दोन्हीला चालेल असं काहीतरी वाजवायला घेतलं.

फीबी कॅटोकडे बघत होती. तिलाही आनंद व्हायला हवा होता. भाऊ समोर होता. पण आई त्याचे गाल कुरवाळत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते फीबीच्या फार ओळखीचं होतं. दुसऱ्याचं ताट आपल्यापुढं आलंय, भूक तर लागलीय, आणि हात घालायची लाज वाटतेय. आयसमच्या गोष्टी निघाल्या की तिचं नेमकं हेच व्हायचं.

ती त्याच्याजवळ गेली. "तू पायरीमागून बघत होतास ना?"

"हं."

"पायरी दगडाची होती की लाकडाची?"

केझायाचे हात अजून त्याच्या गालांवर होते.

"तेवढं त्यानं सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

फिडल थांबली.

कॅटो मटकन गवतावर बसला आणि आता त्याचं बोलणं नेहमीसारखं घरंगळत येईना. टर्पेंटाइनच्या रानात सगळी पोरं एका खोपटात झोपायची. थंडीत दोघांना एक घोंगडी. कॅटोच्या घोंगडीत जो पोरगा होता तो आईच्या गोष्टी सांगायचा. "मला विकलं तेव्हा मी अंगावर पीत होतो, म्हणतात. आईचं नावही माहीत नाही मला. तो म्हणाला, तूही एक सांग. मी म्हटलं, माझ्याकडं नाही. तर म्हणाला, माझ्याकडं पुष्कळ आहेत, ही रताळ्याची तू घे. आजपासून तुझी. मी परत सांगणार नाही." त्यानं नाक पुसलं. "आणि खरंच त्यानं ती परत कधी सांगितली नाही. मीच सांगायचो, त्यालाही. इतकी वर्षं सांगितली की मला ती आई दिसायला लागली. चोरली नाही हो मी. आणि आता तुम्ही गाल धरलेत तेव्हा... लगेच बोलायला हवं होतं. बोलवेना."

"मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते!" मावशी कडाडली. "नाक तर अजिबात आमच्या बाबांचं नाही!"

"पेशन्स, गप बस," केझाया म्हणाली. धाकट्या बहिणीनं आपल्याला गप केलं, याचा मावशीला इतका धक्का बसला की ती खरोखर गप बसली. केझायानं कॅटोचा खांदा धरला. "तो पोरगा. त्याचं नाव?"

"तिकडं सगळे बक म्हणायचे. मालकानं ठेवलेलं."

"आहे?"

"आहे म्हणजे? ठणठणीत आहे! नदीवर तराफ्यावर असतो, ओंडके घेऊन विल्मिंग्टनला जातो. आत्ता खालच्या धक्क्यावर..." तो अडखळला. "मी त्याला लग्नाला बोलावलं नाही. तो आला असता तर ही गोष्ट त्याच्यासमोर कशी सांगू? दुसरी होती कुठं माझ्याकडं?"

"खालच्या धक्क्यावर?" केझायाचा आवाज चिरकला. "आत्ता?"

"ओहोटी लागली की सोडतात तराफा."

क्वॉश काकानं मान वर करून सूर्य पाहिला. "मग आता लागेलच की."

केझाया पळाली. मागं वळून बघितलं नाही, फडकं बांधलं नाही. तिच्यामागं फीबी आणि तिच्यामागं अख्खं लग्न. मावशीच्या हातात डुकरावर चरबी सोडायचा डाव होता तो तसाच राहिला. झिल्फानं उसवलेला झगा एका हातानं धरला आणि दुसऱ्या हातात केरसुणी घेतली.

"अगं, पण लग्न?" पाद्रीबुवा बायबल काखोटीला मारून ओरडत होते.

"येतंय की बरोबर!" झिल्फा ओरडली. "कॅटो, पळ रे! तू माझा भाऊ नाहीस!" असं आनंदानं ओरडणारी नवरी पाइन ब्रँचनं ना आधी पाहिली होती, ना पुढं पाहिली.

पाइनच्या रानातून उतार लागला. सुईसारख्या वाळक्या पानांचा थर पडलेला, पाय सटकत होते. क्वॉश काका पडला, उठला, फिडल शाबूत आहे हे बघून परत पळायला लागला. सगळे धापा टाकत हसत होते, आणि फीबीला वाटलं, आपण सगळे वेडे झालो आहोत आणि देव करो असेच राहोत. कॅटो मात्र शेवटी, मान खाली घालून पळत होता. मध्येच केझाया थांबली. तिला दम लागला होता.

"ए रताळेचोरा," तिनं हाक मारली. "इकडं ये. हात दे मला. जावई नुसता मागं मागं पळायला असतो का?"

कॅटोनं हात दिला. तिनं तो घट्ट धरला आणि पुन्हा पळाली. कॅटो आता रडत होता की हसत होता ते फीबीला कळलं नाही. कान मात्र लालबुंद झाले होते.

धक्क्यावर ओहोटी लागली होती. तराफ्याचे मागचे दोर सुटले होते आणि पुढचा एकच खुंटाला होता. ओंडक्यांवर चौघे काठ्या घेऊन उभे होते, पाचवा तराफ्यावरूनच दोर सोडायला वाकला होता. एक लग्नाचं वऱ्हाड नवरी, केरसुणी आणि डाव यांच्यासकट आपल्या अंगावर का चालून येतंय, ते त्यांना समजेना.

पेशन्स मावशीनं पुढच्या धिप्पाड गड्याकडे डाव रोखला. "तो! बघा, बाबांचं नाक!"

"मी जमैकाचा आहे, बाई," तो म्हणाला.

केझाया कडेला येऊन थांबली. एकेक चेहरा बघत होती, आणि एकही तिला ओळखता येत नव्हता. फीबीनं आईला अशी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. पोटचा पोर समोर असेल आणि आपल्याला कळणार नाही, ही भीती तिनं इतकी वर्षं एकटीनं सांभाळली होती. कॅटो बोट दाखवायला हात उचलत होता, तो केझायानं खाली दाबला.

"आयसम!" ती ओरडली.

चौघे जण हलले नाहीत. पुढच्या टोकाला वाकलेल्या पाचव्याचे हात मात्र दोरावरच थिजले. तो सडपातळ होता. सावकाश उभा राहिला. त्याला आधी कॅटो दिसला, मग कॅटोनं जिचा हात धरला होता ती बाई, तिचं उघडं डोकं, टाळूवरची ती जागा.

तो ओंडक्यांवरून चालत आला. शेवटच्या ओंडक्यावर थांबला, खाली उतरायला भीत असल्यासारखा. ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. आले तेव्हा भलतेच आले, इतके घाईघाईनं की जणू हेच विचारायला तो आत्ता इतक्या लांबून पळत आला होता.

"आई, बाळाला कुणी आत आणलं का?"

केझायाला कळेना. "कुठलं बाळ रे?"

"फीबी. ती माझ्याजवळ होती ना. तू म्हणाली होतीस, खाली ठेवू नकोस. त्या माणसानं मला हाक मारली, तर मी तिला कुंपणापाशी सावलीत ठेवली, म्हटलं आलोच. मग त्यानं मला गाडीत घातलं. मी सांगत होतो त्याला, बाळ उन्हात येईल, बाळ उन्हात येईल. त्यानं गाडी थांबवली नाही." त्याचा श्वास लागला होता. "कुणी आणलं का तिला?"

झिल्फानं तोंडावर हात धरला. फीबीला एवढंच कळलं की तिच्या वाटणीला काही आलं नव्हतं ही गोष्ट खोटी होती. या माणसानं बारा वर्षं दुसरं काही सांभाळलंच नव्हतं.

तिनं झगा वर धरला आणि पाण्यातून दोन ढांगांत ओंडक्यावर गेली. ती जवळजवळ त्याच्याएवढी उंच होती. त्याला मान खाली घालून तिच्याकडं बघावं लागलं नाही.

"नाही आणलं कुणी," फीबी म्हणाली. "मी आपली चालत आले."